नागमोडी कापलेली याद

प्रिय इरा आणि नील,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर इरा रडवेली झाली होती. डॅनियलच्या आईवडिलांनी लग्नाआधी एक करार करावा असं सुचवलं आहे. कोणाचं काय, कोणाच्या नावावर काय, आणि पुढे काही झालं तर काय. "आजी, इट्स सो अनरोमँटिक!" इरा म्हणाली. मागून कुठूनतरी नीलचा आवाज आला, "इट्स लाइक पॅकिंग फॉर द डिव्होर्स." मग तुमच्या आईने फोन हातात घेतला आणि एवढंच म्हणाली, "आई, यांना फणसेबाईंबद्दल सांग."

फोनवर मला धड सांगता येत नाही. तुम्ही मध्येच बोलता, चित्र थिजतं आणि माझा क्रम चुकतो. म्हणून लिहिते आहे. कराराबद्दल मी काही सांगणार नाही. बाईंबद्दल सांगते.

नलिनी फणसे आमच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. बर दुबईतल्या त्या शाळेत मी लायब्ररियन होते. राहायला आम्ही अल मनखूलमध्ये एकाच इमारतीत. मी तिसऱ्या मजल्यावर, त्या पाचव्या. मुलं त्यांना 'फणसे मिस' म्हणत, मी 'बाई' म्हणायची, आणि त्या मला नुसतं 'शशी'.

बाई उंच, सडपातळ, कायम खळ घातलेल्या सुती साडीत. मनगटावर पुरुषी घड्याळ. बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी हातात स्वेटर, कारण शाळेतला एसी त्यांना सोसत नसे. आणि पर्समध्ये शिंप्याकडे असते तशी काळ्या मुठीची मोठी कात्री. ती कशाला, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. मला वाटायचं, स्वसंरक्षणासाठी असेल.

त्यांची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. छापील काहीही दिसलं की त्या शेवटपर्यंत वाचत. लॉन्ड्रीच्या पावतीची मागची बाजू, लिफ्टमधली सूचना, मॉलमधल्या सोडतीच्या कुपनावरचे बारीक नियम. नोकरीच्या पहिल्या दिवशी आम्ही सहा जणींनी दोन मिनिटांत सह्या ठोकल्या आणि चहाला गेलो. बाई तासभर वाचत बसल्या. मग प्रिन्सिपलांकडे जाऊन म्हणाल्या, "सर, पान तीनवर वार्षिक रजा तीस दिवस आहे आणि पान अकरावर एकवीस. मी कुठल्या पानावर सही करू?" त्या वर्षी आम्हा सगळ्यांना तीस दिवस रजा मिळाली. तेव्हापासून स्टाफरूममध्ये कोणीही कशावरही सही करायच्या आधी कागद बाईंपुढे सरकवायचा.

या खोडीचं मूळ मला त्यांच्या घरी सापडलं. पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात एका अर्धवट राहिलेल्या प्रबंधाच्या वह्या. विषय होता, इंग्लंडमध्ये तीन-चारशे वर्षांपूर्वी लग्न जुळवताना दोन्ही घराण्यांत होणारे करार. त्यांच्या यजमानांना, फणसेकाकांना, दुबईत ड्राफ्ट्समनची नोकरी लागली आणि प्रबंध मुंबईत सुटला. वह्या मात्र विमानाने आल्या.

"शशी, तिथला कायदा काय होता माहितेय?" चहा गाळता गाळता त्या सांगायच्या. "लग्न झालं की बायकोचं जे असेल ते नवऱ्याचं. खलास. म्हणून शहाणे बाप लग्नाआधीच लिहून घेत. मुलीबरोबर आम्ही एवढं देतो. त्याबदल्यात नवरा आधी गेला तर ती अमुक जमिनीच्या उत्पन्नावर जगेल. वर्षाकाठी तिच्या हातखर्चाला एवढे. आणि हे सांभाळायला दोन विश्वासू माणसं नेमलेली, म्हणजे नवऱ्याने गोड बोलून काढून घ्यायला नको."

"पण बाई, लग्नाच्या आनंदात असलं काय लिहायचं?"

यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. भुवया वर करून, अगदी निरागसपणे: "प्रेम आहे ना? मग लिहायला काय हरकत?"

नववीच्या पुस्तकात या विषयावर जेमतेम एक परिच्छेद होता. बाई तो दोन आठवडे शिकवत. लायब्ररीच्या खिडकीतून मला त्यांचा वर्ग दिसायचा. वर्गाचे दोन भाग, डावीकडे मुलीकडचे, उजवीकडे मुलाकडचे, आणि घासाघीस चाललेली. "मिस, दे आर गिव्हिंग ओन्ली वन फार्म! माय सिस्टर विल स्टार्व्ह!" "मिस, देअर फार्म हॅज नो वॉटर, वी चेक्ड!" इतका गोंगाट की प्रिन्सिपल धावत आले. बाईंनी त्यांनाही मुलाकडच्या बाजूला बसवलं.

त्या दिवशी वधू झालेली मुलगी पहिल्या बाकावर गप्प बसली होती. तास संपताना तिने हात वर केला. "मिस, नोबडी आस्क्ड मी."

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "राइट. इन दोज डेज आल्सो, नोबडी डिड." संध्याकाळी लिफ्टमध्ये त्या नुसत्या मजल्यांचे आकडे बघत होत्या. तिसऱ्या मजल्यावर मी उतरू लागले तेव्हा एकदम म्हणाल्या, "वीस वर्षं मी त्या वह्या वाचते आहे, शशी. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?" दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वर्गात घासाघीस सुरू व्हायच्या आधी मुलीला विचारायचा नियम झाला. वर्गाबाहेरही.

वर्गाबाहेर म्हणजे कुठे, ते सांगते. आपल्याकडे लग्न ठरलं की याद करतात. तुम्ही ती पाहिलेली नाही. दोन्हीकडची मोठी माणसं समोरासमोर बसतात आणि कोण काय करणार ते कागदावर उतरवतात. हॉल कोणाचा, दागिने कोणते, कोणाच्या मामीला कोणती साडी. दोन प्रती, दोन्हींवर सह्या, कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू. बाई म्हणत, "इंग्रजही हेच करत होते. फक्त कुंकवाच्या जागी लाखेचा शिक्का." दुबईत हे लिहिणारं वडीलधारं माणूस प्रत्येक घरात नसायचं, त्यामुळे अल मनखूलमधल्या मराठी घरांतून बाईंना बोलावणी येऊ लागली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्या काही विसरत नसत.

त्यांची पद्धत जुनी इंग्रजी होती. एकाच लांब कागदावर तोच मजकूर वर आणि खाली असा दोनदा लिहायचा. सह्या झाल्या की पर्समधून कात्री काढायची आणि मधून सरळ न कापता नागमोडी कापायचं. एक अर्धा मुलाकडे, एक मुलीकडे. पुढे कधी कोणी म्हणालं की असं ठरलंच नव्हतं, तर दोन अर्धे शेजारी ठेवायचे. वळणं जुळली तर कागद खरा. कात्री कशाला, ते मला असं कळलं.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी अल कूझच्या कँपवरून कामगार मंडळीही येत. महादू नावाचा कराडकडचा गवंडी होता. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि मुलाने मोटरसायकल मागितली होती. महादू म्हणाला, "बाई, चार हजार दिऱ्हाम पडतील, म्हणजे झाले की चाळीस-पन्नास हजार रुपये. पर देतो. पोरगी सुखात राहू दे."

"मागितली म्हणून द्यायची नाही. तो हुंडा झाला, आणि तो गुन्हा आहे," बाई म्हणाल्या. "तुला मुलीला द्यायची असेल तर दे. त्यांना फोन लाव. सांग, गाडी मुलीच्या नावावर, आरसी बुकात तिचं नाव."

महादूने तिथूनच फोन लावला. पलीकडून बरीच आरडाओरड ऐकू आली. फोन हाताने झाकून तो म्हणाला, "म्हंत्यात, मग चालवायची कुनी?"

"चालवू दे की त्याला. मालकीण मागे बसेल."

त्या घरच्यांची हौस तिथेच फिटली. गाडी नको, मुलगी द्या, म्हणाले. महादूने तरी वर्षाने मुलीला स्कूटर घेऊन दिली. स्कूटरवर बसलेला तिचा फोटो त्याने बाईंना आणून दाखवला. मागे नवरा, मांडीवर दुधाची कॅन धरून. बाईंनी तो फोटो फ्रिजवर लावला होता.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या आईबाबांच्या लग्नाची याद.

समीर आणि अनघाचं आधीच ठरलेलं होतं. घरच्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. समीरचे वडील, म्हणजे तुमचे नानाआजोबा, अबुधाबीत काँट्रॅक्टर. आवाज असा की साइटवर त्यांना माइक लागत नसे. ते, तुमची नानी, समीर, आणि चिपळूणहून खास आलेली समीरची आत्या असे चौघे आमच्याकडे आले. मी खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. तुमच्या आजोबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, नवीन शर्ट घातला होता, लेबलसकट. अनघा आतल्या खोलीत, दाराच्या फटीशी. बाई मध्ये सतरंजीवर, पुढे लांब कागद, कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू.

हॉल झाला, दागिने झाले. नाना रंगात आले. "आता हे लिहा, बाई. कोथरूडला टू बेडरूमचा फ्लॅट घेतलाय. लग्नात देणार!"

आजोबांचे डोळे विस्फारले. मी वड्यांची ताटली पुन्हा फिरवली. बाईंचं पेन मात्र हललं नाही.

"कोणाच्या नावावर?"

"समीरच्या. आणखी कोणाच्या?"

"आणि अनघा?"

"ती राहणारच की त्यात!"

"राहील. पण उद्या समीरचं काही बरंवाईट झालं, तर ती कोणाच्या घरात राहणार?"

बाईंच्या वह्यांमध्ये हा प्रश्न पहिल्याच पानावर असायचा. चारशे वर्षं तो विचारला जात होता आणि कोणाला काही वाटत नव्हतं. पण आम्ही अल मनखूलमध्ये बसलो होतो आणि समीर समोर वडी खात होता.

"अगं बाई!" आत्या उभ्याच राहिल्या. "कागदावरचं कुंकू वाळलं नाही अजून! कोण ही? हिला बोलावलं कोणी?"

नाना उठले. "चला. ज्या घरात माझ्या पोराच्या मरणाच्या गोष्टी करतात, तिथे सोयरीक नाही करायची मला. खलास."

"पप्पा, त्यांचं म्हणणं..."

"तू गप."

मला बाईंचा असा संताप आला होता की काय सांगू. दाराची फट आता चांगली हातभर उघडली होती आणि तिच्यात अनघाचा पांढराफटक चेहरा दिसत होता. नाना दाराशी बूट घालत होते. एक घालून झाला होता.

बाईंनी चष्मा काढला. "नाना, माझं चुकलं. वेळ चुकली. प्रश्न नाही चुकला."

नानांनी दुसरा बूट उचलला.

"एक सांगा. तुमच्या काँट्रॅक्टमध्ये क्रेन कोसळली तर काय, आग लागली तर काय, हे लिहिलेलं असतं ना?"

"असतं. असावंच लागतं."

"मग क्रेन कोसळावी म्हणून लिहिता?"

नाना बूट हातात घेऊन थांबले. "अहो, ते काँक्रीट आहे. हे लग्न आहे."

"मग याला जास्त जपायला नको?"

नाना काही बोलणार इतक्यात तुमची नानी बोलली. तोवर तिने तासाभरात तोंड उघडलं नव्हतं. "अहो, बसा जरा," ती म्हणाली. "मागच्या वर्षी तुम्ही छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलात होतात, तेव्हा घरचा फोन बंद पडला होता. मी गेले ऑफिसात. काउंटरवरचा माणूस म्हणाला, मॅडम, फोन ज्यांच्या नावावर आहे त्यांना पाठवा. म्हटलं, ते आयसीयूत आहेत. म्हणाला, इन्शाल्ला बरे होतील, मग पाठवा."

कोणाला हसावं की नाही कळेना.

"बावीस वर्षं झाली मला इथे येऊन," नानी पुढे म्हणाली. आवाज अगदी शांत. "घर तुमच्या नावावर, गाडी तुमच्या नावावर, फोन तुमच्या नावावर. माझा व्हिसासुद्धा तुमच्या नावावर. माझ्या नावावर काय आहे? बीपीच्या गोळ्या."

पहिलं हसू समीरला फुटलं. मग आजोबांना, आणि मग थेट नानांनाच. आत्या हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या, पदर सारखा केला. त्यांचे यजमान लग्नानंतर सहा वर्षांनी गेले होते आणि तेव्हापासून त्या चिपळूणला भावाच्या घरी होत्या, हे आम्हाला ठाऊक होतं. बाईंकडे न बघता त्या म्हणाल्या, "लिहून घ्या. मी लिहून घेतलं नव्हतं."

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. मग एका पायात बूट तसाच ठेवून सतरंजीवर येऊन बसले. "लिहा," ते म्हणाले.

बाईंनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. कपाळावर हात मारला. "शशी, मी सुरुवातच चुकवली. मुलीला विचारलंच नाही. अनघा, बाहेर ये ग."

तुमची आई बाहेर आली. साडीत दोनदा अडखळली, पण बोलताना नाही. "फ्लॅट दोघांच्या नावावर. आणि आतलं सामान माझ्या पगारातून. तेही दोघांच्या नावावर."

"फ्रिजसुद्धा?" समीरने विचारलं.

"फ्रिजसुद्धा."

"सून हुशार आहे," नाना मोठ्याने म्हणाले, जणू ही कल्पना त्यांचीच होती. "समीर, हबीबी, तुझं काही खरं नाही."

शेवटी मानपान आलं. मुलाच्या आईला आमच्याकडून पैठणी, असं मी सांगितलं. नानी म्हणाली, "पैठणी नको. फोन हवा. माझ्या नावाचा." बाईंनी ते मोत्यासारख्या अक्षरात दोन्हीकडे लिहिलं: मुलाच्या आईस मान, तिच्या स्वतःच्या नावावर एक फोन. सह्या झाल्या. आत्यांनी आपणहून पुढे होऊन कोपऱ्यांना पुन्हा ओलं कुंकू लावलं. मग काळी कात्री कागदावरून वळत वळत गेली. नानांनी दोन्ही अर्धे हातात घेतले, जोडले, सोडले, पुन्हा जोडले. "सिमेंटचा सांधा इतका चांगला बसत नाही," म्हणाले. मग पायातला एकुलता एक बूट काढला आणि अनवाणी जेवायला बसले. घालायचा राहिलेला तो दुसरा आम्ही नंतर सोफ्याखालून शोधला.

नानीचा जो नंबर तुम्हाला दोघांना तोंडपाठ आहे, तो त्याच फोनचा. कोथरूडचा फ्लॅट विकून टोरांटोचं घर घेतलं, आणि त्याच्या कागदांवरही दोन नावं आहेत. तो प्रश्न विचारला म्हणून समीरला काहीही झालं नाही. वजन तेवढं वाढलं.

फणसेकाका निवृत्त झाले तेव्हा बाई आणि ते नाशिकला परत गेले. तेव्हा इरा सोळा वर्षांची होती. मी त्यांना सोडायला एअरपोर्टवर गेले होते. मोठ्या बॅगा पट्ट्यावरून पुढे गेल्या. मग काउंटरवरच्या मुलीने विचारलं, हातातल्या पिशवीत काही धारदार आहे का? बाई खोटं बोलत नसत. कात्री काढून त्यांनी काउंटरवर ठेवली.

"सॉरी मॅडम, नॉट अलाउड."

"व्हेअर इज इट रिटन?"

तिने बाजूच्या फलकाकडे बोट दाखवलं. झालं. बाई चष्मा लावून फलक वाचू लागल्या, पहिल्या ओळीपासून. रांग वाढली. मागून कोणीतरी "यल्ला, मॅडम, यल्ला!" म्हणालं. काका नेहमीसारखे छताकडे बघत उभे राहिले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावर बाई वळल्या. "लिहिलंय. बरोबर आहे तुमचं," त्या मुलीला म्हणाल्या, आणि कात्री घेऊन माझ्याकडे परत आल्या.

"ही तुझ्याकडे राहू दे, शशी. इराच्या वेळी लागेल. आणि तिला आधी विचार हं."

मी म्हटलं, "बाई, आजकालच्या पोरी असलं काही करणार आहेत का?"

भुवया वर गेल्या. पण यावेळी त्या ते ठरलेलं वाक्य बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

दोन वर्षांपूर्वी नाशिकला त्या वारल्या. मधल्या काळात आम्ही फोनवर खूप बोललो, पण पाहिलं ते एअरपोर्टवर शेवटचं. कात्री माझ्या कपाटात उजवीकडच्या खणात आहे. डिसेंबरमध्ये येईन तेव्हा ती मोठ्या बॅगेत घालून आणीन. तोवर इरा, तू डॅनियलशेजारी बस आणि तुला काय हवं ते आधी स्वतः लिही. मग त्याला लिहू दे. डॅनियलच्या आईलाही विचारा, तिच्या नावावर काय आहे. कागद लांब घ्या.

पासपोर्टच्या रांगेपाशी पोचल्यावर बाई मागे वळल्या होत्या. सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसतील एवढ्या त्या उंच होत्याच. एका हातात स्वेटर. दुसरा हात वर करून त्यांनी तो हवेत वळवत वळवत नेला, एकदा वर, एकदा खाली, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आजूबाजूच्या लोकांना वाटलं असेल, बाई टाटा करताहेत. त्या कापत होत्या.

तुमची,
आजी